स्वयंसेवक क्रमांक एक

माझे बाबा हिवताप विभागात फवारणीचं काम करायचे. हंगामी कामगार. उन्हाळा सरता सरता बोलावणं यायचं आणि दिवाळीच्या आत काम संपायचं. उरलेले महिने मोताळ्याजवळच्या आमच्या दीड एकरात वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर व्हायची आणि आई तो माल घेऊन आठवडी बाजारात बसायची.

फवारणीचे दिवस सुरू झाले की बाबा पुढच्या दाराने घरात येत नसत. मागे न्हाणीजवळ कपडे उतरवून ठेवायचे. आई ते काठीने उचलून वेगळ्या घमेल्यात टाकायची. तरी वास जायचा नाही. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी एकदा बाईंना म्हणाली, हिच्या दप्तराला औषधाचा वास येतो, मला दुसरीकडे बसवा. बाईंनी बसवलं.

काम ऐकायला सोपं होतं. पावडर पाण्यात कालवायची, पंप मारायचा आणि घराच्या आतल्या भिंतींवर फवारत जायचं. डास रक्त पिऊन जड झाला की भिंतीवर टेकतो. तिथे औषध असलं की मरतो. पण त्यासाठी लोकांना भांडी, पीठ, अंथरुणं, देव, सगळं बाहेर काढावं लागे. "डास तं मेले नाही, ढेकनं वाढले," असं म्हणून बाया दार लावून घेत. काही जणी फवारलेल्या भिंतीवर दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या मातीचा हात फिरवत. "आता डासानं काय सारवन उकरून औषध खावं काय?" बाबा घरी येऊन आईला म्हणायचे. मात्र लोकांच्या दारात ते कधी चिडले नाहीत. खांद्यावरचं फडकं काढून ओट्यावर बसायचे, पाणी मागायचे, पोरं कितवीत आहेत ते विचारायचे. मग दार उघडायचं. म्हणून जे गाव अडून बसायचं तिथे बाबांना पुढे धाडत. रोहिणखेडच्या बाजूला असं एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या एका बाईनं बाबांना भाऊ मानलं होतं. राखीला ती आमच्या घरी यायची, आणि आली की आईला सांगायची, "वहिनी, माह्या भावाच्या हातानं औषध मारलं तवापासून घरात थंडीताप नाही."

ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही. पण बाबांना ते खरं वाटायचं.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात तासिकांवर शिकवायला लागले आणि तिथल्याच सरांकडे पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय सरांनी दिला. निरगुडी आणि अशाच आणखी काही पानांचं तेल अंगाला लावलं तर एडिस डास, म्हणजे डेंग्यू पसरवणारे डास, किती वेळ लांब राहतात. सरांचं म्हणणं असं की फवारणीची औषधं आता डासांना पचायला लागली आहेत, पुढचा काळ वनस्पतींचा आहे. मी हे घरी सांगितलं तेव्हा बाबा चपलेचा अंगठा शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हंजे आमी मारले ते मेलेच नाही, असं म्हन ना."

"तसं नाही बाबा. पहिले मरत होते. आता काही काही मरत नाहीत."

"अन् तू वास दाखवून पयवनार."

"हाव."

"पयव बाप्पा," ते म्हणाले. जरा लागलं असावं त्यांना. पण दुसऱ्याच रविवारी नाल्याच्या काठची निरगुडी पोतंभर तोडून, सावलीत वाळवून, एसटीने बुलढाण्याला आणून दिली त्यांनीच.

प्रयोगशाळा म्हणजे जुन्या इमारतीतली एक खोली. काचेच्या उपकरणात पानं उकळून वाफेबरोबर येणारं तेल मी थेंब थेंब जमवायची. एका बाजूला पसरट ट्रेमध्ये डासांच्या अळ्या, त्यांना बिस्किटाचा चुरा. मोठे झालेले डास जाळीच्या पिंजऱ्यात, तिथे साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा. हे डास प्रयोगशाळेतच जन्मलेले, त्यांच्यात रोग नसतो, म्हणून माणसाचा हात आत घातला तरी धोका नाही. चाचणीच्या आदल्या दिवशी बोळा काढून घ्यायचा म्हणजे माद्या भुकेल्या राहतात. मग पंजाला रबरी हातमोजा, कोपरापर्यंत तेल, आणि दर अर्ध्या तासाने तीन मिनिटं हात पिंजऱ्यात. पहिला डास चावला की ती वेळ लिहायची. तेलाची ताकद तेवढी.

अडचण हातांची होती. विद्यार्थी एकदा आले की परत येत नसत. शिपाईमामांनी स्पष्ट सांगितलं, "मॅडम, बाकी काई सांगा." सर म्हणाले, घरातलं कोणी बघा ना.

बाबा लगेच तयार झाले. त्यांचं फवारणीचं काम बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. सोमवारी आणि गुरुवारी ते मोताळ्याहून एसटीने यायचे, पांढरा धुतलेला सदरा घालून, जणू बैठकीला आलेत. संमतिपत्रावर त्यांनी सही केली ती पूर्ण, स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव. वेळ लागला. मी त्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, स्वयंसेवक क्रमांक एक. दोन क्रमांक माझा.

एक चूक मी पहिल्याच दिवशी केली. डास भुकेले आहेत ना, हे बघायला दर वेळी एक बिनतेलाचा हात आत घालावा लागतो, आणि तो त्याच माणसाचा दुसरा हात असायला हवा. पण बाबांचा डावा हात तरुणपणी पंपाच्या दांड्यानं मोडला होता. तो कोपरात सरळ होत नसे, पिंजऱ्याच्या कापडी बाहीतून घालताना त्यांना कळ यायची. म्हणून बिनतेलाचा हात मी माझा घालायचे. माझ्या हातावर अर्ध्या मिनिटात दहा-बारा डास बसायचे. बाबांचा तेल लावलेला हात शांत. सर म्हणाले, चालेल, डास तेच आहेत ना.

पहिल्या दिवशी सहा तास झाले, एकही डास चावला नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. मला रडू यायचं बाकी होतं. त्याआधी मी तीन वनस्पती तपासल्या होत्या आणि एकही तेल अर्ध्या तासाच्या पुढे गेलं नव्हतं. बाबा पिंजऱ्यात हात ठेवून बसायचे आणि जाळीवरच्या डासांकडे बघत हसायचे. "आमी यायले भिंतीभिंतीनं शोधलं. अन् हे पाह्य, बसाची हिंमत नाही." दुपारी मी आणलेला डबा आम्ही प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून खायचो. मला वाटतं, आमचं सगळ्यात जास्त बोलणं त्या पायरीवर झालं. कुठल्या गावात कुत्रं मागे लागलं, कुठल्या घरात म्हातारीनं देव बाहेर काढायला नकार दिला आणि यांनी देवांवर धोतर पांघरून फवारणी केली, सोनाळ्याला एकदा आठवडाभर मुक्काम पडला तेव्हा काय खाल्लं. मी ऐकत होते, आणि घड्याळाकडे बघत होते.

शोधनिबंध एका मासिकाकडे गेला. पुण्याच्या एका परिषदेत मी तो वाचला. बोलता बोलता तोंडातून "हाताले" निघालं, मागच्या रांगेत दोघी हसल्या. त्यानंतर मी कागदावरून नजर उचलली नाही. तरी टाळ्या मिळाल्या. सहा तास म्हटल्यावर लोकांनी लिहून घेतलं.

दीड महिन्याने मासिकाकडून परीक्षकांचं पत्र आलं. निरगुडीचं तेल आम्ही खोबरेल तेलात मिसळत होतो. परीक्षकांनी विचारलं होतं की नुसतं खोबरेल तेल लावून चाचणी केली आहे का? साधी गोष्ट होती, मी आधीच करायला हवी होती. गुरुवारी बाबा आले तेव्हा मी त्यांच्या हाताला नुसतं खोबरेल लावलं. त्यांना सांगितलं नाही. सांगायचं नसतंच.

तीन मिनिटं. कोणी नाही. अर्ध्या तासाने परत तीन मिनिटं. कोणी नाही. दोन तास झाले. मला वाटलं, डास मलूल झाले असतील, शेजारच्या पिंजऱ्यातले आणले. माझा हात घातला, तर सुया टोचाव्यात तसे बसले. बाबांचा घातला, नाही. चार तासांनी मी कापसानं बाबांचा हात पुसला, साबणानं धुतला, कोरडा केला आणि तसाच, काहीही न लावता, पिंजऱ्यात घालायला लावला.

एक डास आला. मनगटाजवळ टेकला, चालला थोडा, आणि उडून गेला.

"पाह्य," बाबा म्हणाले, "तुह्यं तेल धुतलं तरी काम करते."

मी वहीत काही लिहिलं नाही. त्यांना म्हटलं, आज लवकर जा, गाडीला गर्दी होईल.

पुढचे दहा दिवस मी एकटीनं माझ्या हातावर सगळ्या चाचण्या परत केल्या, अर्ध्या तासाऐवजी दर पाच मिनिटांनी हात घालून. नुसतं खोबरेल, दोन मिनिटं. निरगुडीचं तेल, पन्नास मिनिटं. एकदा पंचावन्न. हात ददोऱ्यांनी भरून गेला. आई म्हणाली, हे काय करून घेतलं, लोकं पाहतील तं काय म्हनतील. मी पूर्ण बाह्यांचे ड्रेस घालायला लागले. वैशाखात.

मग सरांकडे गेले. सर वाईट नव्हते, हे मला आजही लिहावंसं वाटतं. घरी गेलं की त्यांच्या बायको जेवल्याशिवाय सोडत नसत. माझ्या तासिकांसाठी ते दर वर्षी प्राचार्यांशी भांडायचे. मी वही समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुमचे वडील माणूस नाहीत का?" त्यांनी विचारलं.

मला कळेना.

"माणसाच्या हातावर सहा तास डास बसला नाही. तुम्ही मोजलं. मी बघितलं. खोटं आहे का?"

"सर, त्यांच्या हातावर तेल नसलं तरी बसत नाही."

"ते परीक्षकांनी विचारलेलं नाही. त्यांनी खोबरेल तेलाचा आकडा मागितलाय. तुमच्या हातावरचा आहे ना? दोन मिनिटं. तो द्या. आणि निरगुडीचा आकडा आधी गेलेला आहेच. दोन्ही आकडे खरे आहेत."

"आणि माझ्या हातावरची पन्नास मिनिटं?"

सरांनी माझ्या बाहीकडे पाहिलं. "तुमची त्वचा संवेदनशील आहे. असा स्वयंसेवक वगळतातच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कायम जागेची जाहिरात येतेय. निबंध छापलेला असला तर तुमचं नाव वर राहील. नाहीतर अजून तीन वर्षं तासिका घ्या. तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. तक्ता मीच टाईप केला. एका रकान्यात बाबांचा हात, एका रकान्यात माझा, आणि वर कुठेही लिहिलं नाही की हे दोन हात दोन माणसांचे आहेत. मला कोणी धमकावलं नव्हतं. टाईप करायला वीस मिनिटं लागली आणि मध्ये मी उठून चहाही घेतला.

निबंध छापून आला तेव्हा बाबांनी मासिक हातात घेतलं. इंग्रजी होतं. "माह्यं नाव कोठी हाय?" मी तक्त्यातल्या एका अक्षरावर बोट ठेवलं. स्वयंसेवक एक. त्यांनी ते अंगठ्यानं दोनदा चोळून पाहिलं.

तिथेच थांबलं असतं तर कागदावरचं पाप कागदावर राहिलं असतं. पण पावसाळ्यात महाविद्यालयाचं शिबिर त्याच गावात ठरलं, जिथे बाबांची मानलेली बहीण होती. सरांच्या डोक्यात आलं की तेलाच्या छोट्या बाटल्या भरून घरोघर द्यायच्या. मी म्हटलं, सर, नको. ते म्हणाले, नुकसान काय? पन्नास मिनिटं तरी डास लांब राहतीलच की. आणि मग, "तुमच्या वडलांची तिथे ओळख आहे ना? त्यांना घेऊन या."

मी बाबांना सांगितलं. माझ्या तोंडानं सांगितलं.

त्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. म्हणून घरोघर सिमेंटचे टाके, ड्रम, हंडे भरून ठेवलेले. एडिसची अळी तिथेच होते. गावची आरोग्य कार्यकर्ती, आशाताई, दर आठवड्याला ओरडून जायची, टाकं रिकामं करा, घासा, एक दिवस कोरडं ठेवा. लोक म्हणायचे, मग प्यावं काय? अशा गावात बाबा पुन्हा दारोदार गेले, पूर्वी जायचे तसे, फक्त खांद्यावर पंप नव्हता, हातात बाटल्यांची पिशवी होती. मी मागे. ओट्यावर बसायचे, पाणी मागायचे, आणि मग बाही वर करायचे.

"हे पाहा. या हातानं सहा घंटे हजार डासायमंदी बसलो. एक चावला नाही. हे औषध माह्या पोरीनं काढलं."

बहिणीच्या घरी टाकं काठोकाठ भरलेलं होतं. तिनं विचारलं, "मंग भाऊ, आता हे टाकं सांडाची गरज नाही ना? तीन तीन दिवस बिनपान्याचं राहा लागते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, म्हणून पाहिलं.

मी म्हणाले, "सांडलं तर बरंच आहे आत्या. पण तेल लावत जा."

असं अर्धवट वाक्य मी बोलले. तिनं त्यातलं तिला हवं ते घेतलं. बाबांच्या हातावर तिचा विश्वास होता.

पोळ्यानंतर गावात ताप सुरू झाला. आधी दोन घरं, मग सगळी आळी. आशाताईनं मला फोन केला कारण बाटलीवर महाविद्यालयाचा नंबर होता. आत्याची सून बुलढाण्याला दवाखान्यात होती, पेशी उतरलेल्या, आठ दिवस. ती वाचली. गावात कोणी दगावलं नाही. तेल वाटलं नसतं तरी ताप आला असता, दर दोन-तीन वर्षांनी येतोच, असं सर म्हणाले, आणि ते सिद्ध करता येणार नाही तसं खोडूनही काढता येणार नाही. पण आशाताई फोनवर म्हणाली होती, "मॅडम, यंदा टाके रिकामे कराले कोनीच तयार नव्हतं. म्हने, आमाले तेल भेटलं."

मी मोताळ्याला गेले आणि त्या संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. आई चुलीजवळ भाकरी थापत होती. मी म्हणाले, बाबा, तेलात काही दम नाही. तुमच्या हातावर डास बसतच नाहीत, तेल असो नसो.

बाबा गोंधळले. पण मला वाटलं होतं तसे नाही.

"हो, मंग? मले डास चावत नाही. लहानपनापासून. आमची माय म्हने, याचं रगतच कडू हाय."

"तुमाले माहीत होतं?"

"घरात कोनाले माहीत नाही?" आई तिकडून म्हणाली. "यायले कधी मच्छरदानी लागली काय?"

लहानपणी आई आणि मी मच्छरदाणीत झोपायचो आणि बाबा बाहेर खाटेवर. मी आयुष्यभर समजत आले होते की घरात एकच मच्छरदाणी आहे, म्हणून ते बाहेर झोपतात.

"मले वाटलं तुले माहीत हाय," बाबा म्हणाले. "मले वाटलं म्हनूनच मले बलावलं. सायन्समंदी असाच हात लागत असंल. तू इचारलं कुठी?"

खरंच, विचारलं नव्हतं. संमतिपत्रावर वय, वजन, आजार, सगळ्याला रकाने होते.

मग त्यांनी हिशेब लावल्यासारखं हळूहळू विचारलं. "तुले कवा समजलं?"

"निबंधाच्या वेळेस."

"म्हंजे बाटल्या वाटाच्या आंधी."

"हाव."

आईचा थापण्याचा आवाज थांबला.

"मंग मले त्यायच्या दारात काऊन उभं केलं?"

ते ओरडले नाहीत. उठले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "उद्या सकायच्या गाडीनं चाल माह्यासंग. घरोघर सांगू."

मी म्हणाले, उद्या माझा प्रबंधाआधीचा सेमिनार आहे, बाहेरून परीक्षक येणार आहेत. सेमिनार खरंच होता. पुढे ढकलता आला असता.

बाबा एकटेच गेले. तिथे काय झालं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. आशाताईनं सांगितलं, बऱ्याच दिवसांनी, जिल्हा परिषदेच्या आवारात भेटली तेव्हा. तिच्या म्हणण्याप्रमाणे ते दिवसभर फिरले. प्रत्येक दारात सांगितलं की ते तेल बेकार आहे, बाटली फेका, टाके रिकामे करा. काही घरांनी ऐकून घेतलं. एकानं विचारलं, तुमच्या बहिनीची सून दवाखान्यातून आली, आता सांगाले आले काय? आत्या दारात बसली होती. तिनं तोंड फिरवलं. पाणी मागितलं ते तिच्या नातवानं आणून दिलं.

पारावर कोणीतरी म्हणालं, "पोरीनं फसवलं काय हो तुमाले?"

"नाही," बाबा म्हणाले. "तिनं नाही. माह्यीच चूक झाली. माह्यं रगत कडू हाय, मी तिले सांगतलंच नाही."

आशाताईला यात विशेष काही वाटलं नव्हतं. ती पुढे ताई-मॅडम करत तिच्या मानधनाच्या अडचणींकडे वळली. मी ऐकतेय असं दाखवत उभी राहिले.

त्या वर्षी आत्या राखीला आली नाही. पुढच्याही वर्षी नाही. बाबांनी विषय काढला नाही. मला पीएच.डी. मिळाली, कायम जागाही मिळाली. मोताळ्यात आमच्या समाजाच्या लोकांनी सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, माझ्या संशोधनाबद्दल बोलताना एका वक्त्यानं "गावाकडच्या निरगुडीचं नाव जगात नेलं" असं म्हटलं. बाबा आले होते. मागच्या खुर्चीवर बसले, जेवले, आणि निघताना मला म्हणाले, "उशीर नोको करू, घाट हाय." राजूर घाट मी आठवड्यातून दोनदा ओलांडते. तेवढंच बोलले. ते अजून आहेत. भाजीपाल्याचं शेत आता बटाईनं दिलं आहे. मी गेले की तब्येतीचं, पावसाचं बोलतात, नातीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, शाळेचं विचारतात. माझ्या कामाचं एकदाही विचारलं नाही. मध्ये वर्तमानपत्रात डासांच्या औषधांवर काही छापून आलं होतं, मी ते वाचून दाखवायला लागले, तर ते उठून गाईला पाणी दाखवायला गेले. गाईपुढची बादली भरलेली होती.

सर निवृत्त झाले. आता त्यांच्याच खोलीत मी बसते. निबंध अजून लोक वाचतात. कुठल्या कुठल्या याद्यांमध्ये आमचे सहा तास असतात.

मागच्या हिवाळ्यात एका मुलीचा फोन आला. दुसऱ्या विद्यापीठात संशोधन करते, बोलण्यावरून आमच्याच भागातली, शब्द सांभाळून बोलत होती. म्हणाली, मॅम, तुमची पद्धत जशीच्या तशी केली, चार स्वयंसेवक घेतले, पण तेल तासभरही टिकत नाही. माझं काय चुकतंय? माझे गाईड रागावतात.

मी खुर्ची मागे सरकवून उठले. दार लावून घेतलं. तिला सांगायचं वाक्य तयार होतं, इतकी वर्षं तयार होतं. तुझं काही चुकत नाहीये. एवढंच म्हणायचं होतं.

"पानं कधी तोडलीत?" मी विचारलं.

"दिवाळीच्या सुमारास, मॅम."

"फुलोऱ्याच्या आधीची घ्यायला हवीत. त्यानं खूप फरक पडतो."

पलीकडे ती लिहून घेत असल्याचा आवाज आला. "म्हणजे आता पुढच्या वर्षीच," ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं, दोष पानांचा निघाला म्हणून. "थँक्यू मॅम. मी थांबते तोपर्यंत."